पांतोहाबाई

मंगळवार, रात्री

गेले काही दिवस न्यूयॉर्कच्या समाजकार्यकर्त्या अँतोनिया पांतोहा डोक्यातून जात नाहीत. समाजकार्य शिकताना हे नाव एकदाही कानावर पडलं नाही, याची आज फार चुटपुट लागली.

जन्म १९२२चा, कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या सान हुआनचा. घरात गरिबी. शिक्षिका झाल्या, खेड्यात शिकवलं आणि १९४४ साली न्यूयॉर्कला आल्या. तिथे आधी कारखान्यात वेल्डिंग, मग दिव्यांच्या कारखान्यात नोकरी. ती करता करता कॉलेज, आणि पुढे कोलंबिया विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी.

प्वेर्तो रिकोची माणसं १९१७पासून अमेरिकेची नागरिक, तरी न्यूयॉर्कमध्ये उपरीच. घरची भाषा स्पॅनिश; इंग्रजी येत नाही म्हणून त्यांची मुलं वर्गात ‘ढ’ ठरायची. १९६१ साली बाईंनी ‘आस्पिरा’ ही संस्था काढली, ती या मुलांसाठी. मला भावतं ते हे, की त्यांनी मुलांना लाभार्थी केलं नाही. शाळाशाळांतून मुलांचे क्लब उभे केले. मुलं तिथे आपला इतिहास शिकणार, आपले पुढारी आपणच निवडणार. संस्थेचं चिन्ह पितिर्रे: त्यांच्याकडचा चिमुकला पक्षी, घरट्याजवळ आलेल्या ससाण्याच्या अंगावर धावून जाणारा. पुढे याच संस्थेने शहराच्या शिक्षण मंडळाला कोर्टात खेचलं. १९७४ साली मंडळाला लेखी मान्य करावं लागलं की इंग्रजीत अडणाऱ्या मुलांना विषय स्पॅनिशमधूनही शिकवू. वस्तीत काम करायचं आणि कायद्याशीही भिडायचं, हे दोन्ही एकत्र करणारी माणसं विरळाच.

१९९६ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळालं. २००२ साली, जायच्या आधी, आत्मचरित्रात आपण समलिंगी असल्याचंही लिहून गेल्या. ऐंशीच्या उंबरठ्यावर एवढी हिंमत!

आमच्या वस्तीतली एक कन्नड मुलगी आठवते आहे. आईच्या भाजीच्या गाडीवर गिऱ्हाइकाशी मराठी-हिंदीत घासाघीस करते, सुट्टे पैसे चोख परत देते. शाळेत मात्र मान खाली. तिच्या वर्गाच्या बाई म्हणतात, ‘हिला काही येत नाही.’ मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही.

शनिवारच्या अभ्यासवर्गात आजवर सगळं आम्ही ताई-दादाच ठरवत आलो. या शनिवारी मुलांना त्यांची समिती निवडू देणार आहे. चिठ्ठ्या कापून ठेवल्यात. सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये फळ्यावर लिहायच्या आहेत; कन्नड तिच्याकडूनच लिहून घेईन.