गोल्डविंगचं पंक्चर

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. सोलापूर-धुळे हायवेला इथंच अंबाजोगाईचा रस्ता फुटतो, त्यामुळं गिऱ्हाइकाला तोटा नाही. पण गिऱ्हाईक म्हणजे काय, तर ट्रक, जीपा, शंभर सीसीच्या गाड्या आणि दिवाळी सरली की उसाच्या ट्रॉल्या.

त्या सकाळीही दोन ट्रॉल्यांची चाकं उघडून पडली होती. मी लोखंडी पहार घालून टायर उकलत होतो. हाताखालचं पोरगं एकदम म्हणालं, "भैय्या, मागं बघा." बघतो तर लालभडक मोटरसायकल दुकानापुढं उभी. आली कधी, पत्ताच नाही. पुढं काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागं तिसरी पेटी आणि तिला टेकून आरामखुर्चीसारखं सीट. साठीच्या पुढचे एक काका उतरले, मागून काकू.

"मिस्त्री, चौसाळ्याच्या पुढं हवेचा दिवा लागला. मागचं चाक बघता का?"

होंडा गोल्डविंग. मोबाईलवर पाहिली होती, हात कधी लावला नव्हता. काका पुण्याहून तुळजापूर करून वेरूळला निघाले होते.

गाडी सावलीला घ्यायची होती. वजन किती विचारलं तर म्हणाले, ३९० किलो. मी ट्रॉलीवाल्या दोघांना हाक मारली, पोराला पुढं लावलं, चौघं दम धरून उभे राहिलो. काका हसले, गाडीवर बसले आणि हँडलवरचं बटण दाबलं. गाडी आपली आपण मागं सरकत सावलीत आली, म्हातारं माणूस अंगणात येतं त्या चालीनं. चौघांचे हात तसेच हवेत. ट्रॉलीवाला म्हणाला, "आयला, हिला रिव्हर्स बी हाय!"

मधल्या स्टँडवर घेतली आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली. टायर दिसेचना. दोन्हीकडून पेट्या, खाली दोन सायलेन्सर, मधे २०० मिलिमीटर रुंदीचं टायर लपून बसलेलं. पोरगं चेन शोधत होतं. चेन नाहीच, ताकद चाकापर्यंत शाफ्टनं जाते, जीपसारखी. चाकही चारचाकीसारखं एकाच बाजूनं धरलेलं. खोलायची माझी हिंमत झाली नाही, खरं सांगतो. परक्याच्या एवढ्या महागाच्या गाडीचा एक बोल्ट जरी घसरला तर दुकान विकून भरपाई व्हायची नाही.

मग पोतं अंथरलं आणि उताणा झालो. पोरगं वरून चाक इंच इंच फिरवतंय, मी खालून बॅटरी धरून बघतोय. तिसऱ्या फेरीला सापडला. खिळ्याचं डोकं झिजून चपटं झालेलं, रबराच्या खाचेत बसलेलं. पकडीनं ओढला तर दोन इंची निघाला. बहुतेक एखाद्या ट्रॉलीच्या फळीचा. म्हणजे नुकसान करणारेही आमचेच गिऱ्हाईक! सळईनं भोक साफ केलं, सोल्यूशन लावून स्ट्रिप घातली, थुंकी लावून बुडबुडा येतो का बघितलं. हवा मागं ४१, पुढं ३६. काकांना स्पष्ट सांगितलं, "एवढ्या वजनाला स्ट्रिपवर भरवसा नको. ऐंशीच्या आत चालवा आणि घरी गेल्यावर टायर बदला."

चहा आला. पोरानं न राहवून किंमत विचारलीच. चाळीस लाखांच्या आसपास. आमच्याकडं तेवढ्यात दोन ट्रॅक्टर ट्रॉल्यांसकट येऊन घराचा स्लॅबही पडतो. मी विचारलं, "काका, एवढ्यात भारीतली कार आली असती की."

काका गाडीचा इतिहास सांगू लागले. १९७५ ला पहिली आली तेव्हा चार सिलिंडर होते, काच नाही, पेट्या नाहीत. अमेरिकेतले लोक लांब जायला स्वतःच काचा आणि पेट्या बसवून घ्यायचे. ते बघून १९८० ला कंपनीनं कारखान्यातूनच लावून द्यायला सुरुवात केली. पुढं १९८८ च्या मॉडेलला सहा सिलिंडर आणि रिव्हर्स आला, २००६ ला एअरबॅग. "म्हणजे ही गाडी गिऱ्हाइकांनीच घडवली म्हणा ना," काका म्हणाले.

काकूंनी त्यांना तोडलं. "मला विचारा. आधीच्या गाडीवर लोणावळ्यापर्यंत गेलं तरी मी कंबर धरून उतरायची. ही बघायला गेलो तेव्हा हे इंजिन बघत बसले. मी मागं बसले, पाठ टेकली आणि म्हटलं, हीच घ्या. तुळजापूरपासून मी डुलक्या काढतेय." सीट गरमही होतं म्हणे. बीडच्या मे महिन्यात त्याचं काय करायचं, ते मला कळलं नाही. पण पाठीचं कळलं. माझी बायको अंबाजोगाईच्या दवाखान्यात जाताना वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावते.

निघताना काकांनी गाडी चालू केली आणि माझ्या हातातला अर्धा चहाचा ग्लास घेऊन हँडलपुढच्या सपाट झाकणावर ठेवला. आपल्या गाडीला टाकी असते तिथं हिला सामानाचा कप्पा, पेट्रोल सीटखाली. तीन सिलिंडर इकडं, तीन तिकडं, आडवे. समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचा धक्का खाऊन टाकतात. मी वाकून बघत राहिलो. १८३३ सीसीचं इंजिन चालू होतं आणि चहावरची साय हलत नव्हती.

दीडशे सांगितले, पाचशे दिले. सुट्टे परत करायला गेलो तर काकू म्हणाल्या, "पोराला द्या." गाडी बीडच्या घाटाकडं गेली. वळणावर काकांनी ती अशी झोपवली, जणू ३९० किलो दुकानापुढंच उतरवून गेले.

खिळा गल्ल्यात ठेवला. संध्याकाळी दुकान बंद करताना राहवलं नाही. चहाचा ग्लास माझ्या शंभर सीसीच्या टाकीवर ठेवला आणि किक मारली. ग्लास थरथरत, गोल फिरत, चालत चालत कडेला आला आणि खाली. टपरीवाल्यानं दहा रुपये लावून घेतले.