तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्फरन्सला कशाला जायचं?

"आता सगळं ऑनलाइन मिळतं. मग सुट्टी मोडून, पदरचे पैसे घालून शिक्षकांच्या कॉन्फरन्सला कशाला जाता?" ज्यांच्या घरी इंग्रजी नाही अशा मुलांना मी इंग्रजी शिकवते. हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच.

माझं उत्तर अशाच एका कॉन्फरन्समधल्या कार्यशाळेत दडलंय. बाई आल्या आणि थेट तुर्कीत शिकवायला लागल्या. आम्ही तीसेक शिक्षक, तुर्की एकालाही येत नव्हतं. पाचेक मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. समजलं म्हणून नव्हे, त्यांनी दुसऱ्याकडे वळावं म्हणून! इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली मी, वहीत डोकं खुपसून बसले. कानशिलं तापली होती.

मग त्यांनी तोच धडा पुन्हा घेतला. पाण्याचा पेला उचलून म्हणाल्या, "सु." पेल्यावरून हात हळूहळू वर नेला, फळ्यावर ढग काढला, "बुलुत." चित्रांखाली शब्द लिहिले आणि जोडीजोडीने ती चित्रं क्रमाने लावायला दिली. जलचक्र! मघाशीही तेच चाललं होतं. ते दोन शब्द मी अजून विसरलेले नाही.

आणि तिथे बसल्या बसल्या मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. "समजलं का?" म्हटलं की तो मान डोलवायचा आणि मी पुढे जायचे.

हे पुस्तकात वाचलं नव्हतं असं नाही. मुलांचं रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी साधारण दोन वर्षांत सुधारतं, पण अभ्यासाचं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात, ही भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांची मांडणी मला पाठ होती. तरी मधल्या सुट्टीत भराभरा बोलणारं पोर पेपर कोरा ठेवतं, तेव्हा 'अभ्यासच करत नाही' हेच माझ्या तोंडी यायचं. वाचलेलं अंगाला लागायला मला त्या बाकावर बसावं लागलं.

जाणार असाल तर एक सांगते. टेसॉल ही इंग्रजी शिकवणाऱ्यांची १९६६ पासूनची संघटना, आयाटेफल तशीच, १९६७ पासूनची. अशांच्या परिषदांत एकाच वेळी कितीतरी सत्रं चालतात. सगळीकडे धावू नका. मोठ्या सभागृहातलं भाषण चुकलं तरी चालेल, आपलं काम पोस्टरवर मांडून त्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकांना मात्र गाठाच. काय फसलं तेही ते मोकळेपणाने सांगतात. प्रकाशकांचे स्टॉल शेवटी बघा.

परत आल्यावर मी "समजलं का?" विचारणं बंद केलं. त्या मुलासमोर वाचलेल्या गोष्टीची चार चित्रं ठेवली आणि गप्प राहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबलं तर मुलं जास्त बोलतात, असं शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांना वर्गांच्या निरीक्षणात आढळलं होतं. मी मनात दहापर्यंत मोजलं. त्याने चित्रं लावली. दोन चुकली होती. इतके आठवडे तो मान डोलवत होता आणि कुठे अडलाय ते मला त्या दिवशी दिसलं. मी काहीच बोलले नाही. त्याने चित्रांकडे पुन्हा पाहिलं, तिसरं उचललं आणि विचारलं, "धिस बिफोर?"