हार कोणाच्या खात्यावर?

क्रिकेटमध्ये हरतो तो संघ. बेसबॉलमध्ये संघ हरतोच, शिवाय ती हार एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर चढते, सातबाऱ्यावर बोजा चढावा तशी.

प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत टिकलेली आघाडी ज्या धावेने मिळाली, ती धाव ज्याच्या खात्यात, हार त्याची. तो चेंडू त्यानेच टाकलेला असावा असंही नाही. समोरच्या दोन खेळाडूंना बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, सोडून तो बाहेर गेला आणि पुढच्या पिचरने फटका खाल्ला, तरी त्या दोन धावा आधीच्याच्या. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने आलेली धाव ईआरएत, म्हणजे दर ९ इनिंगमागच्या (एका पूर्ण सामन्यामागच्या) धावांच्या हिशेबात, धरत नाहीत. हार मात्र तीही देऊ शकते. ९ इनिंग टाकून एकच धाव दिली आणि आपल्या फलंदाजांनी भोपळाही फोडला नाही, तर ०-१ ची हार आहेच. जीत मिळायला मात्र सुरुवातीच्या पिचरला किमान ५ इनिंग टाकाव्या लागतात, आणि तो जाताना असलेली आघाडी टिकावी लागते. ती टिकवणं मागून येणाऱ्यांच्या हाती.

न्यू यॉर्क मेट्स या अमेरिकन संघाचा पिचर अँथनी यंग ६ मे १९९२ ते २४ जुलै १९९३ या काळात सलग २७ वेळा हरला. आधीचा विक्रम २३ चा, बोस्टनच्या क्लिफ कर्टिसचा, १९१०-११ मधला. यंग वाईट टाकत होता म्हणावं, तर १९९३ चा त्याचा ईआरए ३.७७, म्हणजे जेमतेम पावणेचार धावा. आदल्या वर्षी तर त्याने १५ सामने 'सेव्ह' केले होते, म्हणजे शेवटी येऊन संघाची आघाडी राखली होती. पण सेव्ह म्हणजे पिचरच्या खात्यावर ना जीत, ना हार. साखळी तुटत नाही. त्यात १९९३ चे मेट्स ५९ जिंकून १०३ हरलेले. नशीब उघडावं म्हणून चाहते त्याला टपालाने चार पानांचं क्लोव्हर (तिथे शुभ मानलं जाणारं रोप) आणि घोड्याचे नाल पाठवत.

२८ जुलैला फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध ३-३ अशी बरोबरी असताना यंग नवव्या इनिंगला मैदानात होता. त्याने एक धाव दिली. ३-४. अठ्ठाविसावी हार दारात उभी! मग मेट्सची पाळी आली, बरोबरी झाली, आणि मेट्सच्या एडी मरेच्या डबलवर, म्हणजे दोन बेस गाठणाऱ्या फटक्यावर, सामना ५-४ ने खिशात. आघाडी मिळाली तेव्हा खात्यावरचा पिचर यंगच होता, म्हणून जीत त्याची. त्या मोसमातली ती त्याची एकमेव जीत. हारी १६.