समुद्र घरी नसताना

माघ शुद्ध चतुर्थी, रात्र. बडोदं.

माघी गणपतीचा नैवेद्य झाला, तिळाचे लाडू डब्यात गेले, आणि मग कुठे बाहेरच्या खोलीतल्या बॅगांकडे बघायचा धीर केला. काल पहाटे परत आलो. बुटांचे तीन जोड गॅलरीत उन्हात ठेवलेत. कच्छच्या आखाताकाठच्या नराऱ्याचा चिखल पुरता वाळू द्यायचा, मग तो खपल्यांसारखा निघतो. ओला असताना खरवडायला गेलं की घरभर होतो. ही अक्कल मला कावीच्या किनाऱ्यानं दिली.

आमच्या दांडिया बाजारात समुद्रावर चाललोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: दीव की गोवा? "नरारा आणि ओखा मढी" हे उत्तर कुणाला पटत नाही. समोरच्या बेननी तर "त्यां शुं छे?" असं सरळ विचारलं. तिथं काय आहे? मला धड सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहून बघते.

सुरुवात कावीपासूनच करायला हवी. लग्न होऊन गुहागरहून बडोद्याला आले, त्याच वर्षी मला "समुद्र दाखवायला" म्हणून कावी-कंबोईला नेलं. पादरा, जंबुसर, मग सपाट शेतं, आणि रस्ता संपतो तिथं स्तंभेश्वर महादेव. मी समुद्र शोधत राहिले. समोर तपकिरी चिखल, त्यावर उन्हाची चकाकी आणि फार लांब एक रेघ. "तो काय," हे म्हणाले, रेघेकडे बोट दाखवून. माझं रडणं तेवढं बाकी होतं. माहेरी समुद्र सुरूच्या बनापलीकडे असायचा, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येणारा. हा समुद्र होय?

दुपारी ती रेघ चालायला लागली. आवाज नाही, लाटा म्हणाव्या तर नाहीत, नुसतं पाणी पसरत आलं. सकाळी ज्या पिंडीला हात लावून आले होते तिच्याभोवती पाणी फिरलं, मग पिंड गेली, मग खांब बुडू लागले. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंडाशी रुंद, आत अरुंद. बाहेरून आलेलं पाणी आत कोंडतं आणि वर चढतं. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणजे चांगला तीन मजले. गुहागरात दोन-तीन मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. रंगही गढूळ असणारच. मही, नर्मदा, साबरमती सगळ्यांचा गाळ तिथंच येऊन पडतो.

(कावीत जुनी दोन जैन देरासरंही आहेत, लोक त्यांना सासू-वहूची म्हणतात. सुनेला दार ठेंगणं वाटलं, सासू म्हणाली, मग आण माहेरचा पैसा आणि बांध तुझं उंच. सुनेनं बांधलं! त्या पहिल्या फेरीत ही गोष्ट सासूबाईंनीच मला सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे बघितलंही नाही.)

त्या दिवसापासून माझं काहीतरी उलटं झालं. समुद्रावर गेले की पाण्याआधी मी ओहोटीची वेळ विचारते. मला आता किनारा बघायचा असतो तो समुद्र घरी नसताना. मालक बाहेर गेलेला, दार उघडं, आणि आपण हळूच आत डोकावतोय, तसं काहीसं. वेळही मोजका. सहा तासांत तो परत येणार, आणि आपल्यासाठी थांबणार नाही.

त्यामुळे आमच्या सुट्ट्या कॅलेंडरवर ठरत नाहीत, पंचांगावर ठरतात. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा भरती सगळ्यात वर आणि ओहोटी सगळ्यात लांब. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी ना धड येतं ना धड जातं. भांगाच्या दिवसात जाऊन "तिथं काही नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ऑफिसात रजेच्या अर्जावर मात्र "अमावास्या" लिहिता येत नाही, "कौटुंबिक कारण" लिहावं लागतं. तसं ते खोटं नाही.

या वेळी सासूबाईंना नेलं. त्यांचा जन्म द्वारकेचा. त्यांचे वडील गायकवाडीत ओखामंडळच्या कचेरीत कारकून होते. ओखामंडळ म्हणजे बडोदं संस्थानाचं पार पश्चिमेचं टोक, मधे भलत्यांची राज्यं. 1949 च्या मे महिन्यात बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं आणि हे कुटुंब परत आलं, तेव्हा सासूबाई चार वर्षांच्या. त्यांना आठवतं असं काही नाही, आईनं सांगितलेलं आठवतं. आई त्या बदलीला काळं पाणी म्हणायची. प्यायचं पाणी घागरी मोजून, चहा कायम खारट, आणि वारा इतका की दोरीवरचं लुगडं शेजारच्या वाड्यात सापडायचं. जिथून सुटलो म्हणून त्या माउलीनं नवस फेडला, तिथं आम्ही तिकीट काढून चाललो होतो.

सौराष्ट्र मेल बडोद्याला मध्यरात्रीनंतर येते. थेपले, लीलो चिवडा, सासूबाईंची औषधं आणि त्यांची घडीची खुर्ची. ती खुर्ची हमालानं बघितली आणि हसला. खंभाळियाला उतरून मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी, अमावास्येच्या पहाटे, नराऱ्याला निघालो.

इथं माझी फजिती झाली, ती लिहायलाच हवी. कोकणात भरतीचा हिशोब पोरासोरांनाही येतो: तिथीला पाऊणनं गुणायचं. अमावास्या पंधरावी, पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती. सहा तास मागं गेलं की सव्वापाचला पूर्ण ओहोटी. मी सगळ्यांना चार वाजता उठवलं. अंधारात, गारठ्यात नराऱ्याला पोचलो तर समोर पाणीच पाणी. कच्छच्या आखातात शिरून इतक्या आत यायला भरतीला वेळ लागतो, ओहोटीही तेवढीच उशिरा. हे कावीला मला कळायला हवं होतं, पण तिथं आपण दुसऱ्याच्या भरवशावर गेलेलो. वनखात्याचा पास दाखवला तर गाइडदादा शेकोटीशी चहा पीत म्हणाले, "दरियो जशे बेन, पण एना टाइमे." जाईल हो, पण त्याच्या वेळेनं. हे म्हणाले, "तुमच्या माहेरचा पाढा गुजरातेत चालत नाही." लेक पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती, ती गाडीत झोपली ती झोपलीच.

उजाडलं, ऊन जरा वर आलं, आणि पाणी निघालं. ते जाताना दिसत नाही. आपण एका दगडाकडे बघत असतो, आणि तो मघापेक्षा उंच झालेला असतो. मग चिखल, मग प्रवाळाचा खडबडीत पट्टा, किलोमीटर-दोन किलोमीटर पसरलेला. 1982 साली हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. बोटीत बसावं लागत नाही, पाणबुड्याचा पोशाख लागत नाही. जुने बूट घालायचे आणि घोटाभर पाण्यातून चालायचं. मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ, गालिच्यासारखी पसरलेली समुद्रफुलं, बोट जवळ नेलं की मिटणारी. एक काळपट लिबलिबीत गोळा दिसला, समुद्रगोगलगाईचाच प्रकार, तिनं जांभळ्या शाईचा ढग सोडला. गाइडदादांनी एका दगडाकडे बोट केलं. मला दगडच दिसत होता. मग दगडाला डोळा फुटला. अष्टपाद! बघता बघता करड्याचा तांबूस झाला, आणि एका फटीत स्वतःला ओतल्यासारखा ओतून गेला. हाडं नसली की किती सोय असते.

एक गोष्ट आवडली नाही. पुढच्या घोळक्यातल्या कुणीतरी फुगणारा मासा हातात घेऊन सगळ्यांना फुगवून दाखवला. लोक टाळ्या वाजवत होते. तो मासा मजेत फुगत नाही, मरणाच्या भीतीनं फुगतो. लेकीनं जाऊन "सोडा त्याला" सांगितलं, ते मला बरं वाटलं. बाकी सगळं चित्रातल्यासारखं आहे असंही नाही. मान वर केली की वाडीनारच्या तेलाच्या टाक्या दिसतात आणि क्षितिजावर टँकर उभे. पायाशी अष्टपाद, समोर टँकर. दोन्ही एकाच पाण्यावर जगतात, आणि काही बिनसलं तर पहिला कोण जाईल हे सांगायला नको.

सासूबाई काठावर खुर्चीत बसून होत्या. शाल, कानटोपी, हातात थेपला. दोन तासांनी परत आलो तेव्हा आमच्यामागून पाणीही येत होतं.

मढीचे दोन दिवस आळसात गेले, फार लिहिण्यासारखं नाही. द्वारकेहून पोरबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं गाव, पवनचक्क्या, उतरती वाळू. पाण्यात फार आत जाऊ नका असं घरमालकांनी आल्या आल्या बजावलं. इथल्या वाळूत सागरी कासवं अंडी घालतात. वनखातं ती उचलून जाळीच्या कुंपणात पुरतं. पिल्लं नर निघणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. पिल्लं काही आम्हाला दिसली नाहीत. रेघा दिसल्या, वाळूवर ओढत गेल्यासारख्या, त्या कासवाच्या की होडीच्या दोरीच्या यावर बापलेकीचा वाद अजून चालू आहे. जेवण म्हणजे बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, गूळ-तूप, ताक. समुद्र पन्नास पावलांवर आणि ताटात वांगं, यावर आमचे सीकेपी नवरोजी दोन्ही दिवस उसासे टाकत होते.

पहिल्या संध्याकाळी चहा आला. सासूबाईंनी घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "गोड आहे," म्हणाल्या. मला वाटलं साखर जास्त झाली. नव्हे, पाणी गोडं होतं. घरमालक म्हणाले, आता नर्मदेचं येतं नळाला. आमची नर्मदा, बडोद्याच्या जवळची, अख्खं सौराष्ट्र ओलांडून सासूबाईंच्या जन्मगावाशी आली होती. त्या काही बोलल्या नाहीत. दुसरा कप मागितला, जो त्या घरी कधी घेत नाहीत.

आज दुपारी त्यांच्या बहिणीचा नाशिकहून फोन आला. मी लाडू वळत होते, कान तिकडे. काय बघितलंस, द्वारकाधीश झाला का, समुद्र कसा होता, वगैरे.

"समुद्र कुठला," सासूबाई म्हणाल्या, "तो तिथं नव्हताच. बाहेर गेला होता. पण त्याची जागा बघितली सगळी. बरीच मोठी आहे."