पाचवीला पुजलेली

‘ओठ जड झाला का काका?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी ‘बराच’ म्हणायला गेलो, ते ‘भवाच’ असं काहीतरी बाहेर पडलं. तेवढं उत्तर त्यांना पुरलं.

खालची डावी दाढ, रूट कॅनॉल, भर दुपारी. दातदुखी आमच्या घराण्यात पाचवीलाच पुजलेली, त्यामुळे खुर्चीत बसायची मला भीती वाटत नाही. मला सोसत नाही तो नंतरचा वेळ. अर्धा ओठ, अर्धी हनुवटी, जिभेची एक कड, सगळं आहे आणि नाही. ‘दोन तास काही खायचं नाही, गरम तर मुळीच नाही,’ असं बजावून त्यांनी सोडलं. टिळक रोडला आलो आणि समोरच्या अमृततुल्यात शिरलो. ही माझी जुनी खोड आहे. ओठ बधिर असला की मला त्याची परीक्षा घेतल्याशिवाय राहवत नाही.

पहिला घोट उजवीकडून व्यवस्थित गेला. दुसऱ्याच्या वेळी शर्ट गरम झाला, तेव्हा कळलं की चहा डावीकडून बाहेर निघालाय. मालकांनी माझ्याकडे न बघता फडकं पुढे सरकवलं. रस्त्यालगतच्या स्कूटरच्या आरशात पाहिलं. मला वाटत होतं, ओठ सुजून इडलीएवढा झाला असणार. आरशात रोजचाच चेहरा होता, फक्त चहाची एक ओघळ असलेला.

या सगळ्याचा उलगडा भाचीने केला. ती सध्या आमच्याकडे राहून मेडिकलचं पहिलं वर्ष करते आणि तिच्या कॉटखाली एका पिशवीत सेकंडहँड हाडं आहेत. त्या खोलीचा केर बायको काढत नाही. मी घरी पोचलो तेव्हा भाची जेवणाच्या टेबलावरच खालचा जबडा घेऊन बसली होती.

‘मामा, तुला इंजेक्शन कुठे दिलं?’

‘पार मागे. दाढेच्याही मागे.’

‘मग बरोबर. हे बघ, जबड्याच्या आतल्या बाजूला भोक आहे ना? नस इथून हाडात शिरते, सगळ्या दातांच्या मुळांखालून जाते आणि पुढे इथून बाहेर पडते.’ तिने हनुवटीजवळच्या, उपदाढेखालच्या भोकात पेन्सिलीचं टोक घातलं. ‘इथून ओठ आणि हनुवटी. मेंटल नर्व्ह.’

मी दचकलो. ती म्हणाली, डोक्याशी संबंध नाही, लॅटिनमध्ये मेंटम म्हणजे हनुवटी. बायको आतून म्हणाली, ‘यांच्या बाबतीत दोन्ही धरलं तरी चालेल.’

तर ही सगळी कन्सील्ड वायरिंग. मुख्य फिटिंगचं नाव ट्रायजेमिनल, म्हणजे तिळी भावंडं. मेंदूपासून एकच नस निघते आणि तिच्या तीन शाखा होतात: कपाळ-डोळ्यांकडे एक, गाल आणि वरच्या दातांकडे दुसरी, खालच्या जबड्याकडे तिसरी. डोक्यातल्या नसांच्या बारा जोड्या, त्यांत ही सगळ्यांत जाड, आणि क्रमांक (मी मोठ्यांदा हसलो, पुन्हा लाळ गळली) पाचवा. पाचवीला पुजलेली म्हणतात ती हीच असणार! कांदा चिरताना डोळा चुरचुरतो तो हिच्यामुळे. बर्फाचा गोळा घाईने खाल्ल्यावर कपाळात कळ जाते, मिसळीच्या कटाने तोंड पेटतं, तेही हिच्याकडून कळतं. चेहरा हलवायचं काम सातवीकडे, हिच्याकडे जाणिवेचं. चावायचे स्नायू तेवढे हिने स्वतःकडे ठेवलेत. म्हणून माझा ओठ हलत होता आणि मला पत्ता नव्हता.

जबड्याचा मागचा कोपरा मात्र हिच्या हद्दीत येत नाही. तिथल्या कातडीला मानेतून नस येते. म्हणजे पुण्यात असून महापालिकेत नसलेलं कॅन्टोन्मेंट. हे मला फार आवडलं. दाढी करताना आता तिथे पोचलो की हद्द ओलांडल्यासारखं वाटतं.

मग तिने माझं बोट धरून भुवईच्या हाडावरची खाच दाखवली, डोळ्याखालचा दुखरा ठिपका दाखवला आणि हनुवटी. तीन शाखा बाहेर येण्याच्या तीन जागा, डोळ्याच्या बाहुलीच्या रेषेत जवळजवळ सरळ एकाखाली एक. मी शाळेतून आल्यावर माझी आजी नेमका याच वाटेने हात फिरवायची. कपाळ, गाल, हनुवटी, आणि मग स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. तिच्या तळव्याला लसणाचा वास असायचा. दहाही बोटं वाजली तर ती खूश. एखादं मुकं राहिलं तर पुन्हा कपाळापासून सुरुवात.

आमच्या घरात तो हात फक्त आत्याला चालत नसे.

आत्या आमच्याच वाड्यात, मागच्या दोन खोल्यांत राहायची. मे महिन्यातही उजव्या गालावरून पदर ओढून घेतलेला असे. आता स्कूटीवरच्या सगळ्या मुली डोळे सोडून चेहरा बांधून जातात, त्यांत ती कुणाला वेगळी दिसली नसती. तेव्हा वाड्यातली पोरं हसायची. बोलता बोलता ती मधेच थांबायची, आणि हात गालाजवळ जाऊन दोन बोटं अलीकडे थबकायचा. टेकायचा नाही. ती नक्कल मला हुबेहूब जमायची. दातांचंच काहीतरी असेल म्हणून तिच्या दोन दाढा काढल्या होत्या. दाढा चांगल्याच असणार, कारण फरक पडला नाही.

‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया,’ भाचीने पुस्तकातलं वाचून दाखवलं. मेंदूपाशी बऱ्याचदा एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबून राहते. मग वाऱ्याची झुळूक, घास, चूळ, नुसता स्पर्श, कशानेही विजेसारखा झटका. फिट्सवरच्या गोळीने बऱ्याच जणांना आराम पडतो. आत्यालाही अशीच कुठलीशी गोळी मिळाली होती, पण पुष्कळ वर्षांनी.

मी चौथीत होतो. नरकचतुर्दशीची पहाट, बंबाचा धूर, आजीने सगळ्यांना उटणं लावलेलं. आत्या पायरीवर बसली होती, पदर नेहमीसारखा. तिला कुणी लावलं नाही म्हणून मी मागून जाऊन गार उटण्याने भरलेला हात तिच्या गालावर थापला.

ती ओरडली नाही. पायरीला धरून बसून राहिली आणि डोळ्यांतून पाणी येत राहिलं. मला वाटलं, उटणं डोळ्यांत गेलं. मी पाणी आणायला पळालो. परत आलो तेव्हा ती म्हणाली, ‘जा, फटाके लाव.’

मी गेलो.

साडेचारला ओठाला मुंग्या आल्या. भाची म्हणाली, चाचपू नकोस, येईल आपोआप.