डाव्या हाताचा अंगठा

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येकीचा एक पांढरा रुमाल असायचा, त्यावर धावदोरा, उलटी टीप, साखळी, गहू टाका असं एकेक करत जायचं आणि सगळ्यात शेवटी गाठीचा टाका. माझ्या रुमालावर गव्हापर्यंत सगळं झकास आणि शेवटच्या ओळीत नुसती भोकं. कारण माझी प्रत्येक गाठ सुईच्या मागोमाग कापडातून पलीकडे निघून जायची. बाईंनी रुमाल उलटा केला, तिथे गाठी बसलेल्या छान रांगेत. "या बाजूला बरं जमलंय तुला," म्हणाल्या.

त्यानंतर तीसेक वर्षं मी गाठींच्या वाटेला गेले नाही. पण यंदा धाकट्या जावेला मुलगी झाली, सासूबाईंनी केंब्रिकचं झबलं शिवलं आणि माझ्या पुढ्यात टाकून म्हणाल्या, "अगं, गळ्याला चार गुलाब काढ गं." गुलाब म्हणजे बुलियन नॉटचे, सुईला वेढे देऊन केलेल्या लांबट गाठींचे, मधे गडद गुलाबीच्या तीन छोट्या आळ्या आणि भोवती फिक्या रंगाच्या वाकड्या पाकळ्या. आळ्याच म्हणते मी त्यांना, दिसतात तशाच.

करायचं काय, तर पाकळीच्या लांबीएवढा टाका घ्यायचा पण सुई पूर्ण ओढायची नाही, तिचं टोक जिथून धागा वर आला तिथेच बाहेर काढायचं, त्याला सात-आठ वेढे द्यायचे आणि मग सुई वेढ्यांमधून ओढून घ्यायची. ऐकायला सोपं, पण माझी सुई दर वेळी अर्ध्यात अडकायची. लच्छीतल्या सहापैकी दोनच पदर घेतले तरी अडकायची. दोन दिवसांनी कळलं की दोष सुईचा आहे, नेहमीच्या भरतकामाच्या सुईचं नेढं अंगापेक्षा रुंद असतं, ते वेढ्यातून जाईलच कसं! मिलिनर नावाची सुई मिळते, मुळात टोप्या शिवणाऱ्यांची, ती नेढ्यापाशीही फुगत नाही. ती आणली. आता सुई सुळकन निघायला लागली आणि आळीचं झालं स्प्रिंग.

आणि हे उसवताही येत नाही हो! साखळी चुकली की धागा ओढला, आली परत. गाठ एकदा घट्ट बसली की कात्रीच, आणि कात्री लावताना खालच्या कापडाला भोक पडलं की आणखी एक गुलाब तिथे काढणं आलं (पाचवा गुलाब असाच आला). पारशी गारा साड्यांवर अख्खी फुलं अशा बारीक गाठींनी भरलेली असतात, खाखो म्हणतात त्या टाक्याला. मूळ चिनी काम. ते करून कारागिरांचे डोळे जायचे अशी दंतकथा आहे, मला आता ती अजिबात अतिशयोक्ती वाटत नाही.

शेवटी सासूबाईच शेजारी येऊन बसल्या. उजव्या हाताकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझा डावा अंगठा धरला आणि वेढ्यांवर दाबून ठेवला. "हा सोडू नकोस. सुई निघाली तरी सोडू नकोस." मग धागा हळूहळू ओढायचा, अंगठ्याखाली आळी वळवळून आडवी होते, ते चक्क जाणवतं, आणि मगच अंगठा उचलायचा. फ्रेंच नॉटचंही, म्हणजे शाळेतल्या त्या गाठीच्या टाक्याचंही, तेच निघालं, धागा डाव्या हाताने ताणून धरायचा आणि सुई आली त्याच भोकात नाही, एक-दोन धागे सोडून घालायची. म्हणजे इतकी वर्षं मी उजव्या हाताला शिव्या देत होते, आणि डावा बसला होता फुकटचा.

पाच गुलाब झाले. दोन सुरेख, दोन बरे, आणि पाचवा कोबीसारखा. आता धाकधूक वेगळीच, सासूबाई बेळगावकडच्या, लहानपणापासून इरकलीवर कशिदा काढलेला, त्यात सुरुवातीलाही गाठ मारत नाहीत म्हणून उलट सुलट दोन्हीकडे सारखंच दिसतं. त्या कुठलंही भरतकाम आधी उलटं करून बघतात. माझ्या मागच्या बाजूला तर जंगल माजलेलं.

त्यांनी झबलं उलटं केलं. बघितलं. गाठींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाळाला टोचेल गं हे," आणि उठून जुन्या मलमलचं अस्तर बेतायला घेतलं. तेव्हा मी जी पटकन सुई ओवून दिली त्यांना, ती जन्मात कधी इतक्या चटकन ओवली नव्हती.