शिट्टीची गाडी

बँकॉकच्या साथोर्न धक्क्यावर दुपारी उभा होतो. चाओ फ्राया नदीतली बोट धक्क्याला लागताना मागच्या टोकाला उभा असलेला पोरगा शिट्ट्या फुंकतो आणि त्या इशाऱ्यांवर चालक बोट मागंपुढं घेतो. दोर अडकवला, माणसं चढली-उतरली, की पुन्हा शिट्टी. मला हसूच आलं. आमच्या बेळगावात कर्नाटकाच्या बसचा कंडक्टरही शिट्टीच मारतो. कोल्हापूरच्या लाल एसटीत मात्र दोरी ओढून टिंग टिंग. लहानपणी डोळे मिटूनही कळायचं, आपण कुठल्या राज्याच्या गाडीत बसलोय.

इथं बोट ओळखायची ती झेंड्याच्या रंगावरून. नारिंगी झेंड्याच्या बोटीत चढलो, तर तिकीटवाली बाई पत्र्याची लांबट नळी खडखडवत आली. सुट्टे पैसे त्यातच, तिकिटांचं भेंडोळंही त्यातच.

गल्ल्यांचा हिशेब मात्र मला काही पटला नाही. सुखुमवित रस्त्याच्या एका बाजूला विषम नंबरच्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला सम. ठीक आहे. पण 55 नंबरच्या समोर बघावं तर 38! आमच्या टिळकवाडीची रेल्वे गेटं पहिलं, दुसरं, तिसरं अशी ओळीनं तरी आहेत. आणि धर्मवीर संभाजी चौकाला जायचं असलं तरी रिक्षावाल्याला बोगारवेसच सांगायचं, हेही ठरलेलं.

बरोबरची पुण्याची मंडळी थाई पाट्यांना बिचकली. मला त्यांचं काही वाटेना. न कळणाऱ्या पाट्यांखालीच तर आम्ही वाढलो. खानापूरच्या गाडीची पाटी कन्नडात, आणि आजीला तर मराठीही वाचता यायचं नाही. स्टँडवर मी डोळे बारीक करून अक्षरं लावत बसलो की ती म्हणायची, ‘‘पाटी काय बघायलास रे? माणसं बघ की.’’ खिडकीत नंदगडची कासारीण दिसली, की ती आमची गाडी. बँकॉकातही तेच केलं. हातात कमळाच्या कळ्या घेतलेल्या बायकांच्या मागोमाग निघालो आणि देवळात पोचलो.

पुतण्याला असलं काही करावं लागत नाही. इंग्रजी शाळेत जातो, तिथं कन्नड आहे. गाडी स्टँडात वळतानाच पाटी वाचून मोकळा होतो. परवा कोल्हापूरची एसटी लागली होती. तिची पाटी त्यानं एकेक अक्षर जुळवत वाचली. घरात मराठीच बोलतो तो. पण त्याच्या दप्तरात मराठीचं एकही पुस्तक नाही, हे मला तेव्हा कळलं.